नोत्र-दामच्या आत पुठ्ठ्याचं रोम

जुन्या इमारतीचा सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल त्याचं ड्रॉइंग, समोर आला की मी आधी कापलेली भिंत बघते. दर्शनी भाग, नक्षी, सावल्या, वरचे ढग हे सगळं नंतर. बरीच वर्षं ड्रॉइंग बोर्डावर काढल्यामुळे जडलेली खोड आहे ही. आमच्या ऑफिसात एक ज्येष्ठ ड्राफ्ट्समन होते, सगळे त्यांना काका म्हणायचो. नवीन पोरांना ते सांगायचे, "प्लॅन कुणीही काढेल. सेक्शन कुठून घेतलास ते दाखव, मग तुला इमारत कळलीय का ते मी सांगतो."

सध्या मी अठराव्या शतकातल्या फ्रेंच ड्रॉइंगांच्या मागे लागले आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपल्याकडची पुष्कळ ड्रॉइंग्ज स्कॅन करून नेटवर ठेवली आहेत. त्यातली काही इतकी मोठी करून बघता येतात की जलरंगाचा हात कुठे थांबला, कुठे रंग साचून कड गडद झाली, हेही दिसतं. काढणारी मंडळी निओक्लासिकल पंथाची. ग्रीस आणि रोम म्हणजे त्यांचं काशी-पंढरपूर. टोकदार कमानींची, रंगीत काचांची, हजार मूर्तींनी भरलेली गॉथिक कॅथेड्रलं त्यांना शाळेत कुणी शिकवली नव्हती. तरी त्यांनी ती काढली, आणि पुन्हा पुन्हा काढली.

ही ड्रॉइंग्ज शेजारी शेजारी ठेवून बघताना मला एक गंमत दिसायला लागली. सेक्शन काढताना ही माणसं गॉथिकच्या प्रेमात असतात. पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे डोळ्यांना दिसतं तसं दृश्य, काढायला बसली की त्याच गॉथिकवर पडदा टाकतात.

सुरुवात वास्तुकार जाक-जर्मेन सुफ्लोपासून करते. १७४१ साली, वयाची तिशीही गाठली नव्हती तेव्हा, त्याने ल्योंच्या अकादमीत गॉथिक वास्तुकलेवर निबंध वाचला. सजावटीबद्दल त्याला फारसं प्रेम नव्हतं, पण बांधणीबद्दल त्याने भरभरून लिहिलं: या जुन्या लोकांची बांधकामं आपल्यापेक्षा जास्त धाडसी आणि जास्त कल्पक आहेत, असा त्याचा एकूण सूर. पुढे १७५० मध्ये तो इटलीत पेस्तुमला जाऊन तिथली ग्रीक मंदिरं मोजून आला. म्हणजे एका खिशात गॉथिक, दुसऱ्यात डोरिक, म्हणजे ग्रीकांची साधी, भक्कम खांबांची शैली. १७५५ मध्ये त्याला पॅरिसमध्ये सेंट-जनव्हिएव्हचं नवं चर्च बांधायचं काम मिळालं, ज्याला आज आपण पाँथेऑन म्हणतो, तेव्हा त्याने दोन्ही खिसे रिकामे केले. तो गेल्यावर १७८० मध्ये त्याचा सहकारी ब्रेबिओं याने लिहून ठेवलं आहे की सुफ्लोला गॉथिक बांधणीचा हलकेपणा आणि ग्रीक वास्तुकलेची शुद्धता व भव्यता एकाच इमारतीत आणायची होती.

पाँथेऑन बाहेरून बघितलं तर यातलं काही कळत नाही. कॉरिंथियन खांबांचा दर्शनी मंडप, वर घुमट, बाजूला उंचच उंच कोऱ्या भिंती. गॉथिकचं नावनिशाण नाही. सेक्शन उघडला की मात्र चोरी पकडली जाते. त्या कोऱ्या भिंतीचा वरचा भाग नुसता आडोसा आहे, आणि त्याच्या मागे आतल्या छताचा रेटा झेलत फ्लाइंग बट्रेस उभे आहेत, म्हणजे कॅथेड्रलांना बाहेरून असतात तसे कमानीचे टेके. रस्त्यावरच्या माणसाला शंकाही येत नाही. आत गेल्यावर आतले खांब एवढ्या छताला पुरतात कसे, असं वाटत राहतं, आणि त्याचं उत्तर आतून दिसणारच नाही अशी सोय केलेली आहे. सुफ्लोने हा भाग झाकला, पण सेक्शनमध्ये तो झाकायची सोय नसते. तिथे कापलेला दगड दाखवावाच लागतो.

या कापलेल्या दगडाबद्दल थोडं सांगते, कारण माझा जीव तिथे अडकतो. फ्रेंच रिवाजानुसार सेक्शनमध्ये जिथे दगड कापला जातो तिथे गुलाबी रंगाचा पातळ हात द्यायचा. मागे दिसणारं सगळं करड्या छटांत, प्रकाश डावीकडून वरून, सावल्या पंचेचाळीस अंशात. त्यामुळे ड्रॉइंग हातभर लांबून बघितलं तरी गुलाबी किती आणि मोकळी जागा किती हे एका नजरेत कळतं. रोमच्या सेंट पीटर्सच्या सेक्शनमध्ये घुमटाखालच्या आधारांशी गुलाबी रंगाचे मोठाले ठोकळे असतात. गॉथिक कॅथेड्रलच्या सेक्शनमध्ये गुलाबी रंग रेघांसारखा उतरतो: बारीक खांब, पातळ छत, बाहेर तिरके टेके, आणि मधे पोकळीच पोकळी. भव्य पण भरभक्कम इमारती काढत आलेल्या माणसाने पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचा किंवा आम्यांच्या कॅथेड्रलचा सेक्शन स्वतःच्या हाताने काढला, तर ब्रश ओला करायलाही फारसं निमित्त मिळत नाही, हे त्याच्या लक्षात आल्याशिवाय राहणार नाही. आम्यांचं छत जमिनीपासून ४२ मीटरवर आहे!

आणखी एक बारकावा. अर्धगोल कमान काढायला कंपासचं टोक कागदावर एकदाच टेकवावं लागतं. टोकदार कमानीला दोन केंद्रं लागतात, म्हणजे दोन भोकं. स्कॅनमध्ये कधी कधी ही भोकं शोधायचा नाद मला लागतो. कमान नंतर शाईने कितीही सफाईने काढली असली तरी भोकं सांगतात की ती कंपासने काढली की नुसत्या हाताने उरकली. (मोजपट्टीचंही तसंच. खालची पट्टी त्वाझ आणि फ्रेंच फुटांत असते. ६ फुटांचा एक त्वाझ, म्हणजे १.९४९ मीटर. घाईघाईत इंग्रजी फूट धरलात तर नोत्र-दामचं ३३ मीटरचं छत दोन मीटरने खाली येतं.)

सुफ्लोवर टीकाही झाली. पिएर पात नावाच्या वास्तुतज्ज्ञाने १७७० मध्ये जाहीरपणे आक्षेप घेतला की घुमटाखालचे खांब फार बारीक आहेत, हा भार त्यांना झेपणार नाही. सुफ्लोच्या बाजूने पूलबांधणीतला मोठा इंजिनिअर पेरोने उभा राहिला. त्याने त्याच वर्षी लिहिलेलं पत्र मला फार आवडतं. गॉथिक इमारतींची जादू अशी की त्या प्राण्यांच्या शरीरासारख्या बांधलेल्या आहेत, असं तो म्हणतो: उंच सडपातळ खांब आणि छताच्या फासळ्या ही हाडं, मधली पातळ दगडी भरणी हे मांस. सेक्शन बघत बघतच सुचावी अशी ही गोष्ट आहे. भांडणाचा निकाल म्हणाल तर थोडा थोडा दोघांच्या बाजूने लागला. घुमटाखाली खरोखरच भेगा गेल्या आणि सुफ्लोचा शिष्य राँदले याला पुढे खांब जाड करावे लागले. घुमट मात्र अजून उभा आहे.

जाता जाता: १७६४ मध्ये पंधराव्या लुईने या चर्चचा पाया घातला, तेव्हा दर्शनी मंडप बांधून झालेलाच नव्हता. मग राजाला कल्पना यावी म्हणून तो खऱ्या मापात कापडावर रंगवून उभा केला होता. हे कापड लक्षात ठेवा.

आता दुसरी बाजू. हाच सुफ्लो नोत्र-दामचाही वास्तुकार होता, आणि १७७१ मध्ये त्याने तिच्या मधल्या दारातला खांब काढून टाकला, वरच्या शेवटच्या न्यायाच्या शिल्पाचा खालचा भाग कापला. कारण काय, तर मिरवणुकीतली छत्री आत नेताना अडायची. ल्योंमध्ये बांधणीवर इतक्या प्रेमाने बोललेला माणूस शिल्पावर करवत चालवताना अडखळला नसावा. त्याच्या लेखी हाडं आणि दागिने या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

त्या काळातला प्रभावी लेखक लोजिए याचंही तेच. १७५३ च्या निबंधात तो नोत्र-दाममध्ये शिरतो आणि आत पाऊल टाकताच उंची आणि लांबी बघून थक्क होतो, हे तो प्रामाणिकपणे कबूल करतो. आणि १७६५ च्या पुस्तकात गॉथिक चर्चची सजावट करणं किती अवघड आहे यावर एक प्रकरणच लिहितो! आपल्याला वाटेल, त्यांना अजून कसली सजावट हवी? पण त्या पिढीला हवी होती. लूव्हरसमोरच्या सेंट-जर्मेन-लोक्सेरवा चर्चमध्ये गर्भगृहाभोवतीच्या गॉथिक खांबांना उभ्या पन्हळी कोरून त्यांना ग्रीक खांबांच्या वेशात बसवलं, ते आजही तसेच आहेत. शार्त्रच्या कॅथेड्रलमध्ये १७६३ साली मधली दगडी नक्षीची भिंत पाडली, मग विक्तोर लुईने गर्भगृहाची नवी मांडणी केली, खांबांवर संगमरवरी भासाचा गिलावा आला आणि उजेडासाठी काही रंगीत काचाही गेल्या. विक्तोर लुई म्हणजे बोर्दोचं ते देखणं थिएटर बांधणारा. थिएटरसाठी मी त्याला नमस्कार करते, शार्त्रसाठी नाही.

याहून मजेदार ड्रॉइंग्ज आहेत ती राजघराण्यातल्या अंत्यविधींची. दरबाराच्या समारंभांसाठी डिझायनर नेमलेले असत. १७६० च्या दशकात ते काम मिशेल-आंज शालकडे होतं, १७७८ पासून पिएर-आद्रियाँ पारीकडे. राजघराण्यातलं, किंवा परदेशातल्या नातलग घराण्यातलं कुणी वारलं की नोत्र-दाममध्ये किंवा राजांना जिथे पुरत त्या साँ-दनीच्या मठात रोमन थाटाचा तात्पुरता स्मारकमंडप उभा राही. या कामांची चित्रं बघताना कॅथेड्रल हुडकावं लागतं. खालच्या कमानींवर काळं कापड ताणलेलं, मधे खांबांचा मंडप, पुतळे, मेणबत्त्यांच्या राशी, आणि या सगळ्याच्या वर कुठेतरी दोन फासळ्या एकमेकींना मिळताना दिसतात. फक्त छत तेवढं झाकायचं राहून जातं. तिथवर शिडी पोचत नसावी, असा माझा ड्राफ्ट्समनी तर्क.

पारी हा सगळ्या गोष्टीतला विचित्र माणूस, कारण त्याला उलटंही करावं लागलं. ओर्लेआँचं कॅथेड्रल १५६८ मध्ये धर्मयुद्धात उद्ध्वस्त झालं, चौथ्या हेन्रीने १६०१ मध्ये पुन्हा बांधायला घेतलं, आणि ते गॉथिकच बांधायचं ठरलं. काम इतकं रेंगाळलं की दर्शनी मनोऱ्यांचा नंबर लागेपर्यंत अठरावं शतक अर्धं सरलं होतं. मग ज्यांनी आयुष्यभर रोमन खांब काढले त्यांच्यावर टोकदार कमानी काढायची पाळी आली. आधी त्रुआर, ज्याने त्याच सुमारास व्हर्सायमध्ये सेंट-सिंफोरियाँचं कडक डोरिक चर्च बांधलं. मग इतर, मग पारी. एका टेबलावर डोरिक, दुसऱ्यावर गॉथिक. मनोऱ्यांचा माथा गोल जाळीदार मुकुटासारखा आहे. त्याचे फोटो बघा, इतकी शिस्त तेराव्या शतकातल्या पाथरवटाने पाळली नसती. प्रत्येक शिखर शेजारच्याची नक्कल. टी-स्क्वेअरवर वाढलेला हात लपत नाही.

आता पर्सिए. माझ्या मते या विषयातला खरा नायक तोच. शार्ल पर्सिए, १७६४ चा जन्म, १७८६ मध्ये रोमला शिकायला पाठवणारं पारितोषिक, पुढे जोडीदार फोंतेनबरोबर नेपोलियनचा वास्तुकार. फर्निचरपासून कारुझेलच्या विजयकमानीपर्यंत ज्याला एम्पायर शैली म्हणतात ती या दोघांची. पण त्याआधी, फ्रेंच क्रांतीनंतरच्या वर्षांत, पर्सिए साँ-दनीच्या मठात जाऊन रेखाटनं करत होता. १७९३ मध्ये तिथली राजघराण्याची थडगी उघडून हाडं खड्ड्यात टाकली गेली होती, छतावरचं शिसं काढून नेलं जात होतं. अशा जागी एक रोमन शिक्षण घेतलेला माणूस वही घेऊन उभा राहतो आणि जे आहे ते टिपत राहतो: थडग्यांचे तुकडे, फरशीची नक्षी, खांब, काचा. ही रेखाटनं आज कोंपियेंच्या व्हिव्हनेल संग्रहालयात आहेत आणि साँ-दनीवर काम करणारे इतिहासकार अजून त्यांचा आधार घेतात, कारण त्यातलं बरंचसं आता कुठेच उरलेलं नाही. इथे पडदाही नाही आणि सेक्शनचा कोरडा हिशेबही नाही. दागिनासुद्धा त्याने हाडाइतक्याच आस्थेने काढला आहे. हे काम त्याला कुणी सांगितलं होतं, असं या रेखाटनांकडे बघून वाटत नाही.

आणि मग जेमतेम दहा वर्षांनी, २ डिसेंबर १८०४, नोत्र-दाममध्ये नेपोलियनचा राज्याभिषेक. सजावट पर्सिए आणि फोंतेन यांची.

नंतर छापलेल्या राज्याभिषेकाच्या ग्रंथात चित्रकार इझाबेबरोबर या दोघांची चित्रं आहेत. आतलं दृश्य बघा. कमानी झाकलेल्या, मखमल, गालिचे, पुठ्ठा आणि लाकडावर रंगवलेला संगमरवर, सिंहासनासाठी दाराच्या बाजूला उंच पायऱ्यांवर विजयकमान. तेराव्या शतकातल्या दगडाच्या आत पुठ्ठ्याचं रोम. कोरीव छापचित्रात तर रेघ ती रेघच, तिथे खरा दगड कुठे संपतो आणि पुठ्ठा कुठे सुरू होतो हे ओळखायची सोयच नाही. चित्रकार दावीदच्या लूव्हरमधल्या त्या अवाढव्य चित्रातही मागच्या बाजूला गोल कमानी आणि सपाट खांबच दिसतात. हा समारंभ नक्की कुठे चाललाय, हे ठाऊक नसलेल्याला कळू नये अशी ती पार्श्वभूमी.

पण बाहेरची तऱ्हा वेगळीच होती. पश्चिमेच्या दर्शनी भागासमोर त्यांनी लाकूड-पुठ्ठ्याचा एक मंडप उभारला, आणि तो गॉथिक! त्यावर क्लोव्हिस आणि शार्लमान या राजांचे पुतळे. म्हणजे खऱ्या गॉथिक इमारतीच्या पुढे खोटं गॉथिक, आणि खऱ्या गॉथिक दालनाच्या आत खोटं रोमन. याच दर्शनी भागावरच्या २८ राजांचे पुतळे क्रांतीने १७९३ मध्ये खाली पाडले होते. त्यातली २१ डोकी १९७७ मध्ये पॅरिसमधल्याच एका बांधकामात जमिनीखाली सापडली, आता क्ल्यूनी संग्रहालयात आहेत. अकरा वर्षांत दगडी राजे गेले आणि पुठ्ठ्याचे आले. साँ-दनीत वही घेऊन बसलेल्या पर्सिएला हे करताना काय वाटलं असेल? मला वाटतं, काहीच नाही. गिऱ्हाइकाला रोम हवं होतं, आणि रोम त्याच्या हातात होतं. हे मी टोमणा म्हणून म्हणत नाहीये. ऑफिसात बसून दुसऱ्याच्या आवडीची ड्रॉइंग्ज काढलेल्या कुणालाही हे कळेल.

पुढची पायरी पर्सिएच्याच शिष्याने गाठली. कोलोनमध्ये जन्मलेला इतॉर्फ, ग्रीक मंदिरं रंगीत होती म्हणून हयातभर भांडलेला. १८२५ मध्ये दहाव्या शार्लचा राज्याभिषेक रँसला झाला, तेव्हा तिथली सजावट त्याने आणि लकोंतने केली, आणि आता पुठ्ठासुद्धा गॉथिक झाला. गॉथिक कॅथेड्रलला गॉथिक वेश! वीस वर्षांत गिऱ्हाइकाची आवड पालटली होती. त्याच वर्षी लकू नावाच्या, कुणी फारसं विचारत नसलेल्या म्हाताऱ्या ड्राफ्ट्समनने आपली शेकडो ड्रॉइंग्ज राजाच्या ग्रंथालयाला देऊन टाकली. त्यात एका गॉथिक घराचा सेक्शन आहे: तळघरात अग्नी, पाणी आणि हवा यांच्या परीक्षा, एखाद्या पंथाची दीक्षा घ्यायला आलेल्या माणसाने पार करायच्या. या सगळ्यांत गॉथिकची भीती वाटावी असं काढलं ते एकट्या लकूने. त्याच्यावर वेगळं लिहायला हवं, इथे तो मावणार नाही.

पर्सिएचा आणखी एक शिष्य लक्लेर. त्याच्या ऑफिसात एक तरुण काही काळ शिकला, त्याचं नाव व्हिओले-ल-द्युक. १८४४ मध्ये त्याला आणि लास्यूला नोत्र-दामच्या दुरुस्तीचं काम मिळालं. सुफ्लोने कापलेला दारातला मधला खांब त्यांनी परत उभा केला, वरचं शिल्प पुरं केलं, दर्शनी भागावर २८ नवे राजे बसवले. आणि व्हिओले-ल-द्युकने पुढे आपल्या कोशात जी चित्रं काढली त्यांत कमान, फासळी, टेका असा एकेक दगड सुटा करून हवेत मांडला, कुठला कशावर बसतो ते दिसेल असा. तिथे सेक्शनची रेघ कुठून घेतली हे विचारावंच लागत नाही. काकांना ती चित्रं दाखवायला हवी होती.